न घडलेल्या अपघाताचे मोल

घर बांधायला काढले की ठेकेदार एक अंदाजपत्रक आपल्या हाती ठेवतो. त्यात सिमेंटची पोती असतात, सळई असते, वाळू, खडी, विटा, सेंट्रिंगचे भाडे आणि मजुरी असते. रात्री जेवणे आटोपल्यावर सारे कुटुंब त्या कागदाभोवती बसते. कुठे दहा हजार कमी होतील, कुठे हलकी फरशी चालून जाईल, याचा खल होतो. त्या कागदावर एक रकाना बहुधा नसतोच. दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर उभा राहून जो गवंडी बाहेरचा गिलावा करणार आहे, तो खाली पडू नये म्हणून किती खर्च करायचा, हा तो रकाना. ठेकेदार तो लिहीत नाही, कारण लिहिला तर आपण सर्वांत आधी तोच खोडू, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

वरवर पाहता हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो हक्काचा प्रश्न आहे. ज्याची हिशेबाच्या दिवसावर श्रद्धा आहे, त्याने तो ठेकेदाराच्या मर्जीवर सोडून देणे योग्य नव्हे.

या खर्चाची अडचण अशी की त्याचे फळ डोळ्यांना दिसत नाही. सिमेंटवर पैसे घातले तर भिंत उभी राहते. हेल्मेट, पट्टा, जाळी आणि कठडा यांवर घातले तर काम संपते, कोणी पडलेला नसतो, आणि मालकाच्या मनात येते की कोणी पडणारच नव्हते, मग हे पैसे कशाला घातले? जे घडलेच नाही त्याचे मोल कसे करावे? आपल्यापैकी अनेक जण दर जुम्म्याला सूरह अल्-कहफचे पठण करतात. त्यात हाच प्रश्न आहे, परंतु पठणाच्या ओघात तो निसटून जातो. मूसा (अ.) यांच्यासमोर अल्लाहच्या त्या ज्ञानी दासाने, ज्यांना आपण खिज्र (अ.) या नावाने ओळखतो, काही गरिबांच्या नावेला भोक पाडले. ते लोक समुद्रात कष्ट करून पोट भरणारे होते. मूसा (अ.) यांनी हरकत घेतली आणि ती रास्तच होती, कारण डोळ्यांसमोर फक्त नुकसान दिसत होते. पुढे एक राजा प्रत्येक धडधाकट नाव बळकावीत होता, हे नंतर उलगडले. नावाड्यांना उखडलेली फळी दिसली असेल. वाचलेली नाव त्यांना कशी दिसणार? ती तर पूर्वीही त्यांचीच होती. संकट टाळण्यासाठी केलेला खर्च नेहमी त्या उखडलेल्या फळीसारखा दिसतो. दुरुस्ती करून घेणारे ते नावाडीसुद्धा त्या दिवशी कुरकुरले असतील, असे मला वाटते.

आता आपल्या समाजात सर्वाधिक ऐकू येणाऱ्या आक्षेपाकडे वळू. मृत्यूची वेळ ठरलेली आहे, मग पट्टा बांधला काय आणि न बांधला काय, असे ठेकेदार म्हणतो, मालक म्हणतो, आणि खेदाची गोष्ट ही की परांचीवर उभा असलेला मजूरही म्हणतो. अल्लाहच्या ज्ञानात आपली घटका निश्चित आहे, यावर आपली अढळ श्रद्धा आहे. परंतु ज्या ग्रंथाने ही श्रद्धा शिकविली त्याच ग्रंथाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. सूरह अल्-अंबियात अल्लाहने दाऊद (अ.) यांच्यावरील कृपांची गणना करताना, त्यांना चिलखत बनविण्याची कला शिकविल्याचा उल्लेख केला आहे. त्या कलेचा हेतूही तिथेच सांगितला आहे, लढाईच्या माऱ्यापासून माणसांचे रक्षण व्हावे हा. आणि त्यापाठोपाठ, तुम्ही कृतज्ञ होणार की नाही, अशी विचारणा आहे. सूरह सबामध्ये तर त्याहून बारीक तपशील येतो. लोखंड त्यांच्यासाठी मऊ केले गेले, आणि चिलखते पूर्ण मापाची करावीत, कड्यांचे प्रमाण नीट राखावे, असा आदेश झाला.

वाचकहो, क्षणभर थांबून याचा विचार करा. शरीराचे रक्षण करणारे साधन ही अल्लाहने एका प्रेषिताला शिकविलेली विद्या आहे, आणि त्या साधनाचा दर्जा कसा असावा, हेही वह्यीचाच भाग आहे. कडी ढिली राहिली तर चिलखत नावापुरते उरते. आज हेल्मेटवर आयएसआयचे चिन्ह पाहून ते घेणे आणि रस्त्याकडेला मिळणारी पातळ प्लास्टिकची पिवळी टोपी घेणे, यांत जो फरक आहे तो त्या कड्यांच्या मापातलाच फरक आहे. तपासणीच्या दिवशी मजुरांच्या डोक्यावर चढविण्यासाठी अशा टोप्या कोपऱ्यात ठेवलेल्या असतात. त्यांनी निरीक्षकाचे समाधान होते. वरून पडणाऱ्या विटेला मात्र ती टोपी थोपवू शकत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याहून अधिक तवक्कुल कोणाचे असेल? तरीही उहुदच्या दिवशी त्यांच्या अंगावर एकावर एक अशी दोन चिलखते होती, हे हदीसच्या संग्रहांत आले आहे. त्याच दिवशी डोक्यावरचे शिरस्त्राण आघाताने फुटले आणि मुखकमल रक्तबंबाळ झाले. शिरस्त्राण नसते तर तो आघात कुठे बसला असता, याची कल्पनाही मनाला सोसवत नाही. पुढे हिजरी ८ मध्ये मक्का जिंकून त्यांनी शहरात प्रवेश केला तेव्हाही डोक्यावर शिरस्त्राण होतेच, ही रिवायत बुखारीत आहे. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही तिर्मिजीतील शिकवण तर आपल्या मुलांनाही पाठ असते. परंतु ती आपण उंटापुरतीच ठेवली आहे.

११ सप्टेंबर २०१५ चा जुम्मा आपण विसरलो नसू. मस्जिदे हरामच्या विस्ताराचे काम चालू असताना वादळी वाऱ्यात एक प्रचंड क्रेन कोसळली आणि शंभराहून अधिक भाविक शहीद झाले. त्यांत भारतातून हजला गेलेलेही होते. पृथ्वीतलावर त्याहून पवित्र जागा नाही. तरीही सौदी सरकारच्या चौकशीने हा विषय केवळ तकदीरवर सोडून दिला नाही. काम बंद असताना आणि वारा सुटलेला असताना क्रेनचा लांब दांडा खाली उतरवून ठेवायला हवा होता, तशी सूचना ती बनविणाऱ्यांच्या पुस्तिकेतच होती, हे त्यात नोंदविले गेले. मयताच्या घरी आपण तकदीरचे स्मरण करून देतो ते दुःख हलके व्हावे म्हणून. काम सुरू होण्यापूर्वी तोच शब्द उच्चारून पैसे वाचविणे ही निराळी गोष्ट आहे. तिला तवक्कुल म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. ठेकेदार सांगतो, मी हेल्मेट आणून दिले, पट्टे आणून दिले, हे लोकच घालत नाहीत. हे पुष्कळदा खरे असते. मे महिन्याच्या उन्हात हेल्मेटखाली डोके भिजून जाते, पट्ट्याचा हुक दर चार पावलांना सोडून पुन्हा अडकवावा लागतो, हातमोजे घातले की करणी नीट धरता येत नाही. परंतु मजूर पट्टा का टाळतो, याचे खरे कारण बहुतेक वेळा त्याच्या मजुरीच्या पद्धतीत दडलेले असते. गिलाव्याचे, रंगाचे आणि सेंट्रिंगचे काम अनेकदा चौरस फुटाच्या दराने दिले जाते. जितके फूट तितके पैसे. आता हुक अडकविण्यात, परांची नीट बांधण्यात, आडव्या वाशांचा कठडा करण्यात दिवसाचा एक तास गेला, तर तो तास कोणाच्या खिशातून गेला? मालकाच्या नव्हे, ठेकेदाराच्याही नव्हे. चांगले हेल्मेट सिमेंटच्या एखाद्या पोत्याच्या आसपासच्या किमतीत येते, संपूर्ण शरीराला धरणारा पट्टा मजुराच्या काही दिवसांच्या रोजंदारीइतका. या वस्तू महाग नाहीत. महाग आहे तो वेळ, आणि त्याचा भार आपण गुपचूप सर्वांत गरीब माणसावर टाकून मोकळे होतो. मग त्याने तो भार झुगारला की त्यालाच बेफिकीर ठरवितो.

म्हणून सुरक्षेवर खर्च करणे म्हणजे दुकानातून चार वस्तू आणून देणे, एवढ्यावर भागत नाही. त्या वापरण्यासाठी लागणाऱ्या वेळेची मजुरीही द्यावी लागते. अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेल्या प्रसिद्ध हदीसमध्ये, हाताखालच्या माणसांना आपले भाऊ समजावे, त्यांच्या शक्तीबाहेरचे ओझे त्यांच्यावर लादू नये आणि लादलेच तर स्वतः त्यांना हातभार लावावा, असा आशय आहे. उन्हात तीस फुटांवर, हेल्मेट घालून, तरीही कालच्याच वेगाने काम कर, असे म्हणणे हे शक्तीबाहेरचे ओझे आहे. त्या ठिकाणी हातभार लावणे म्हणजे दर वाढवून देणे किंवा ते काम रोजंदारीवर देणे.

कोणी म्हणेल, सज्ञान माणूस धोका पत्करून काम घेतो, त्यात आमचा काय दोष? सकाळी मजूर-नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावे. दोन दिवस काम न मिळालेल्या माणसाचे ‘हो’ हे पोटभर जेवलेल्या माणसाच्या ‘हो’इतके मोकळे असते काय? शिवाय इस्लामच्या दृष्टीने देह ही अमानत आहे. स्वतःला स्वतःच्या हाताने विनाशात लोटू नये, असा कुरआनचा आदेश आहे. जी वस्तू माणसाच्या मालकीचीच नाही तिच्या सौद्याला त्याने होकार दिला म्हणून तो सौदा आपल्याला हलाल होत नाही. तीस फूट उंचीवरून निसटलेला माणूस दीड सेकंदाच्या आत जमिनीवर आदळतो, आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो. दीड सेकंदात कलमाही पुरता होत नाही.

यावर व्यापारी बुद्धीचा माणूस एक चांगले उत्तर देतो. तो म्हणतो, सुरक्षेवरचा खर्च हा फायद्याचाच असतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे आहे. १९३३ च्या जानेवारीत काम सुरू झाले आणि १९३७ च्या मे महिन्यात पूल खुला झाला. त्या काळी अमेरिकन बांधकामात एक क्रूर ठोकताळा रूढ होता, दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक बळी. पुलाचा खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर होता, तेव्हा किती जनाजे आधीच गृहीत धरले गेले असतील, याचा हिशेब आपण करू शकता. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी कामगारांना हेल्मेट सक्तीचे केले आणि पुलाखाली सुरक्षेची जाळी पसरविली. जाळीला १ लाख ३० हजार डॉलरहून अधिक खर्च आला. तो एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. त्या जाळीत पडून १९ माणसे वाचली. त्यांनी आपल्या टोळीला गमतीने ‘नरकाच्या अर्ध्या वाटेपर्यंत’ जाऊन आलेल्यांचा क्लब असे नाव दिले. कामगार निर्धास्त झाले आणि कामाचा वेगही वाढला, असे सांगितले जाते.

परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक जड परांची सुटून त्या जाळीवर कोसळली. जाळी फाटली आणि दहा माणसे बुडाली. पुलाच्या साऱ्या कामात मिळून अकरा जण गेले. जाळी माणसाच्या वजनासाठी होती, कित्येक टनांच्या परांचीसाठी नव्हती. साधन म्हणजे अभय नव्हे, हे त्या दहा जणांच्या मृत्यूने दाखविले, आणि वर बांधलेल्या परांचीची तपासणी खालच्या जाळीने माफ होत नाही, हेही. तरीही त्या १९ जणांचे काय? त्यांच्या घरी त्या संध्याकाळी नेहमीसारखी चूल पेटली असेल. एका जिवाला वाचविणे हे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासारखे आहे, हे सूरह अल्-माइदामध्ये सांगितले गेले. त्या न्यायाने हा हिशेब डॉलरमध्ये मांडताच येत नाही.

फायद्याच्या युक्तिवादाविषयी माझी तक्रार इथेच आहे. तो खोटा नाही. अपघात झाला की काम थांबते, पोलीस येतात, भरपाई द्यावी लागते, हे सारे खरे. पण उद्या एखाद्याने गणित करून सिद्ध केले की अमुक कामावर कठडा बांधण्यापेक्षा मेलेल्याच्या वारसांना पैसे देणे स्वस्त पडते, तर आपण काय म्हणणार? परराज्यातून आलेला, कोणत्याही नोंदवहीत नाव नसलेला, ज्याचे वारस दावा करायला कधी येणारच नाहीत असा मजूर असेल, तर ते गणित खरोखरच तसे निघू शकते. फायद्यावर उभी केलेली सुरक्षा फायदा संपला की कोसळते. म्हणून श्रद्धावंताने कठडा बांधावा तो मजुराचा त्याच्यावर हक्क आहे म्हणून. मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याच्या विरोधात कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, या आशयाची हदीसे कुदसी बुखारीत आहे. मजुरी बुडविणाऱ्याची ही गत, तर मजूरच गमावणाऱ्याची काय असेल?

मदरशात शिकलेला एखादा वाचक इथे मला अडवील, आणि त्याने अडवावे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अशी हदीस आहे की विहीर आणि खाण यांत झालेल्या हानीची भरपाई नाही. इमाम नववी (रह.) यांनी तिचा अर्थ विशद करताना, विहीर खोदण्यासाठी मजूर लावला आणि ती त्याच्यावर कोसळली तरी मालकावर भरपाई येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मग आम्ही कशाला बांधील? हा आक्षेप टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु त्याच ठिकाणी इमाम नववी पुढे सांगतात की विहीर सार्वजनिक रस्त्यात किंवा दुसऱ्याच्या जागेत परवानगीवाचून खोदली आणि त्यात कोणी मेला, तर दियत येते आणि खोदणाऱ्यावर कफ्फाराही येतो. हनफी फिकहमध्येही अशा वेळी दियत आहे, कफ्फारा मात्र नाही. कोकणातील आपल्या शाफई बंधूंनी हा फरक ध्यानात घ्यावा. दोन्ही विहिरीच आहेत, दोन्हींत मृत्यूच आहे. निर्णय बदलतो तो ‘तअद्दी’मुळे, म्हणजे मर्यादेच्या उल्लंघनामुळे. १८६९ ते १८७६ या काळात उस्मानी विद्वानांनी सिद्ध केलेल्या ‘मजल्ला’ या संहितेने हाच नियम कलमबद्ध केला. जो स्वतःच्या हाताने हानी करतो तो हेतू नसतानाही जबाबदार, आणि जो केवळ हानीचे कारण बनतो तो उल्लंघन केले असेल तर जबाबदार. हानी शक्य तेवढी आधीच रोखावी, हेही त्याच संहितेचे एक कलम आहे.

आता उल्लंघन कशाला म्हणावे? ज्या काळात विहिरीच्या तळाशी उतरणाऱ्याला दोरापलीकडे कोणतेच संरक्षण देता येत नव्हते आणि धोका मालक व मजूर दोघांनाही सारखाच ठाऊक होता, त्या काळी मालकाकडून काही सुटले असे म्हणता येत नव्हते. आज साधन उपलब्ध आहे, परवडणारे आहे, आणि देशाच्या कायद्याने ते बंधनकारक केले आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा कायदा १९९६ चा आहे. त्याच्या जागी आणण्यासाठी संसदेने २०२० मध्ये जी संहिता मंजूर केली, तिच्यात तर सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूचे पैसे कामगाराकडून घेता येणार नाहीत असेही म्हटले आहे. इतके असून जो देत नाही, त्याने मर्यादा ओलांडली असेच माझे मत आहे. एखाद्या प्रत्यक्ष घटनेत कोणावर किती भरपाई येते, हा मुफ्तींच्या अधिकाराचा विषय आहे, तो मी इथे घेत नाही. आणि समजा, जगातल्या कोणत्याही काजीने भरपाई लावली नाही, तरी ‘कजा’ आणि ‘दियानत’ हा भेद आपले फुकहा नेहमी करीत आले आहेत. न्यायालयात सुटलेला माणूस अल्लाहसमोरही सुटलाच, असे नाही.

झुकलेल्या भिंतीचा मसलाही हनफी ग्रंथांत आहे. भिंत कलली आहे, ती पाडा, असे साक्षीदारांसमोर सांगूनही मालकाने हाती वेळ असताना ती पाडली नाही, तर तिच्याखाली जे नष्ट होईल त्याला तो जबाबदार. हा मसला मला पहिल्यांदा शिकविला गेला तेव्हा तो जुन्या काळातला वाटला होता. जून २०१९ मध्ये पुण्याच्या कोंढव्यात पावसाच्या रात्री एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जीव गेले. त्यांत लहान मुले होती. तेव्हापासून तो मसला शिकविताना माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत उभी राहते.

घर बांधणारा सामान्य माणूस म्हणेल, हे सारे बिल्डरांना सांगा. १९९६ च्या कायद्यात, दहा लाखांपर्यंतच्या खर्चात स्वतःचे राहते घर बांधणाऱ्याला सूट होती, हे खरे आहे. ती सूट सरकारने दिली, कारण प्रत्येक घरापर्यंत निरीक्षक पोहोचू शकत नाही. ज्याच्यापर्यंत प्रत्येक घर पोहोचलेले आहे त्याने अशी सूट दिल्याचे माझ्या वाचनात नाही. रत्नागिरी-रायगडकडचे आपले कित्येक भाऊ आखातात बांधकामावर आहेत. तिथे हेल्मेट आणि सेफ्टी शूजवाचून त्यांना फाटकातून आत सोडत नाहीत, उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचे काम बंद ठेवावे लागते, आणि घरच्या मंडळींना त्याचे समाधान वाटते. त्याच कमाईतून गावी घराचा मजला चढतो, तेव्हा वर स्लॅबच्या कडेला चप्पल घालून उभा असलेला माणूसही कोणाचा तरी कमावता मुलगा असतो.

जकातीविषयीही प्रश्न येतो. आपल्याच कामावरच्या मजुराला मालकाने जकातीतून हेल्मेट किंवा बूट घेऊन दिले तर जकात अदा होईल काय? नाही. ती वस्तू देणे मालकाचे कर्तव्य आहे, आणि स्वतःवरचे देणे जकातीतून फेडता येत नाही. नाक्यावरच्या मजुरांना, ज्यांचा मालक रोज बदलतो, जमातने लिल्लाहच्या रकमेतून साधने घेऊन दिली तर ते मात्र उत्तम सत्कृत्य होईल. त्याहून मोठे काम कागदाचे आहे. महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून त्याचा निधी जमतो, आणि नोंदणी केलेल्या कामगाराला सुरक्षा संचासह अनेक लाभ त्यातून मिळतात. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला देताना ठेकेदार कचरतात, उद्या आपल्यावर काही येईल म्हणून. खरी साक्ष लपवू नये, हा कुरआनचा आदेश या ९० दिवसांच्या दाखल्यालाही लागू आहे. खोटा दाखला देऊ नये, हेही त्याच आदेशात आले.

शेवटी मस्जिद कमिट्यांसाठी थोडे लिहितो. मीनार आणि घुमट यांची कामे गावोगाव चालू आहेत आणि सर्वांत उंच परांची बहुधा आपल्याच मस्जिदीला लागलेली असते. मदिन्यात मस्जिदे नबवी बांधली जात होती तेव्हा इतर सहाबा एकेक वीट वाहत होते आणि अम्मार (रजि.) दोन-दोन. प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगावरची धूळ झटकली, असे बुखारीत आहे. आपल्याकडे फरशी आणि ग्रॅनाइट कापणाऱ्या मुलाच्या नाकातोंडात दिवसभर ती बारीक धूळ जाते आणि तिने फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. त्याला साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लागतो, आणि कापताना दगडावर पाण्याची धार सोडावी लागते.

ठेका देताना करारनाम्यात सुरक्षेची रक्कम स्वतंत्र लिहावी आणि ती घासाघिशीतून बाहेर ठेवावी. कमी दराची निविदा घेताना दर कशामुळे कमी आहे, हे विचारावे. आधी कठडा आणि जाळी, त्यानंतर अंगावरचा पट्टा, असा क्रम धरावा, कारण कठड्याला कोणाची आठवण लागत नाही. पट्ट्याचा हुक परांचीच्या बांबूला न अडकविता पक्क्या सळईला किंवा तिच्यासाठी ताणलेल्या दोराला अडकवावा. बांबूच खाली आला तर पट्टा त्याच्याबरोबर येतो. पट्ट्यावर लोंबकळणाऱ्या माणसाला लवकर खाली उतरविण्याची सोयही आधीच ठरवून ठेवावी, कारण तसे फार वेळ लटकणे स्वतःच घातक ठरते. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. यंत्रांच्या तात्पुरत्या वीजजोडणीवर गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. आणि हेल्मेटची संख्या मोजताना गवंडी-मिस्त्रीवर थांबू नये. घमेली वाहणाऱ्या स्त्रियांच्या डोक्यावर चुंबळ असते म्हणून त्यांना हेल्मेट देत नाहीत. त्यांच्यासाठी माल वर नेण्याचा लहान लिफ्ट भाड्याने घ्यावा, म्हणजे चुंबळही नको आणि जिन्यावरच्या पन्नास खेपाही नकोत. त्यांची लहान मुले खाली वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळत असतात. मस्जिदीच्या मकतबची एखादी खोली दुपारपर्यंत त्या मुलांना उघडून देता येईल काय, हे कमिटीने पुढच्या बैठकीत पाहावे.